काकांचे जुने कॉम्प्युटर योग्य हाती देताना

काका गेल्यावर त्यांच्या मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरांचं काय करायचं, हे काकूंनी मला मार्चमध्ये विचारलं. खोलीतली शेवटची पेटी बाहेर पडली ती नोव्हेंबर संपताना. इतका वेळ लागेल असं आम्हा कोणालाच वाटलं नव्हतं. सुरुवातीला विचारायचं कोणाला हेही कळत नव्हतं, म्हणून जे जसं घडलं ते क्रमाने लिहिते आहे. असाच संग्रह कोणाच्या घरी असेल, स्वतःचा किंवा मागे राहिलेला, तर उपयोग होईल.

काका माझ्या वडिलांचे मित्र. नोकरी इलेक्ट्रॉनिक्समधली, आणि हौस टाकून दिलेली यंत्रं घरी आणून जपण्याची. खोलीत दोन कमोडोर ६४, एक झेडएक्स स्पेक्ट्रम, एक बीबीसी मायक्रो, एक अमिगा २०००, एक मॅकिंटॉश एसई/३०, एक आयबीएम पीसी/एटी, दोन-तीन जड मॉनिटर आणि एक टर्मिनल (मोठ्या कॉम्प्युटरला जोडायचा पडदा आणि कीबोर्ड) होतं. शिवाय काकांनी स्वतः जोडलेला, झेड-८० प्रोसेसरचा एक कॉम्प्युटर होता. त्याला पेटी नव्हती, एका फळीवर बोर्ड स्क्रूने बसवलेले आणि खाली बारीक तारांचं जाळं. फ्लॉपींचे खोके, वह्या, मॅन्युअल आणि केबलींचा ढीग वेगळाच.

काकूंची पहिली इच्छा होती की सगळं एका रविवारी आवरून टाकावं. मी त्यांना म्हटलं, "आधी फक्त फोटो काढू या. काही हलवू नका, आणि काही चालू करून बघू नका." कोणती केबल कशाला जोडलेली आहे, कुठल्या यंत्रावर कुठली वही ठेवली आहे, हे एकदा मोडलं की परत जुळवता येत नाही. संग्रह करणारा माणूस वस्तू ज्या क्रमाने ठेवतो त्यातही माहिती असते. प्रत्येक कप्प्याचा एक लांबून आणि एक जवळून फोटो काढला. त्या कामाला एक दुपार पुरली, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याच फोटोंचा झाला.

मग यादी. एका तक्त्यात क्रमांक, नाव, मॉडेल, सिरियल नंबर, सोबतचं सामान, दिसणारी अवस्था आणि शेवटी "कोणाकडून आलं, कोणी वापरलं" असा रकाना. हा शेवटचा रकाना मी जवळजवळ सवयीने ठेवला होता. महत्त्वाचा तोच ठरला. क्रमांकाची चिठ्ठी वस्तूला दोऱ्याने बांधावी. स्टिकर चिकटवलं तर जुन्या प्लास्टिकवर त्याचा डाग राहतो. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावं, म्हणजे शाई पसरत नाही.

यादी पुरी व्हायच्या आधीच एक काम करावं लागलं, ते बॅटऱ्यांचं. जुन्या कॉम्प्युटरचा खरा शत्रू धूळ नाही, आतली विसरलेली बॅटरी आहे. अमिगा २००० च्या मदरबोर्डवर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळते, आणि तो क्षार आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खात जातो. आमच्या अमिगात हिरवट थर दिसायला लागला होता. एसई/३० मध्ये ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. तीही म्हातारपणी फुटून आतला धातू गंजवते. सोल्डरिंग जाणणाऱ्या एका मित्राला बोलावून अमिगाची बॅटरी काढून घेतली आणि गळलेल्या जागेवर पांढरं व्हिनेगर, मग शुद्ध पाणी आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ती स्वच्छ केली. काढलेल्या बॅटऱ्यांच्या टोकांना टेप लावून त्या घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात दिल्या. कोणत्या तारखेला काय काढलं हे यादीत लिहिलं. दान देण्याआधी यंत्राला जो काही हात लावाल, त्याची नोंद यंत्राबरोबर गेलीच पाहिजे.

याहून जास्त दुरुस्ती मात्र केली नाही. काकांच्या मुलाला, दादाला, वाटत होतं की सगळी यंत्रं चालू करून, चकाचक करून द्यावीत. भावना चांगली होती, पण ते धोक्याचं आहे. कमोडोर ६४ चा पॉवर सप्लाय बिघडला की ५ व्होल्टच्या जागी जास्त व्होल्टेज सोडतो आणि एका क्षणात मेमरी चिप्स जातात. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमधल्या रिफा कंपनीच्या कपॅसिटरचं आवरण वर्षांनुवर्षांत तडकतं, आत दमट हवा शिरते, आणि वीज दिली की काही मिनिटांत खोलीभर धूर होतो. पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरं करायची पद्धत हौशी लोकांत आहे. तो पांढरेपणा टिकेलच असं नाही, आणि मूळ पृष्ठभाग कायमचा बदलतो. संग्रहालयाला वस्तू आहे तशी हवी असते. पुढे काय करायचं ते त्यांचे जाणकार ठरवतात.

एप्रिलमध्ये फ्लॉपींकडे वळलो आणि तिथे बरेच दिवस गेले. खोक्यात काय होतं? खेळ होते, काकांनी लिहिलेले प्रोग्राम होते, घरखर्चाचा हिशेब होता, भावाला लिहिलेली पत्रं होती, आणि काही फ्लॉपींवर त्यांच्या जुन्या कंपनीचं नाव होतं. यंत्र देणं म्हणजे त्यातली माणसंही देणं, याचा विचार आम्हाला इथे पहिल्यांदा करावा लागला. अशी डिस्क सरळ कोणाच्या हाती देऊ नये, आणि न वाचता पुसूही नये.

वाचण्याआधी प्रत्येक फ्लॉपी लिहिण्यापासून बंद केली. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची, आणि साडेतीन इंचीचं छोटं झाकण सरकवून भोक उघडं ठेवायचं. बुरशीचा ठिपका दिसला तर ती फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायची नाही. एक खराब डिस्क ड्राइव्हचं हेड घाण करते आणि पुढच्या चांगल्या डिस्कवर ओरखडे पाडते. नकलांसाठी ग्रीझविझल नावाचं छोटं सर्किट वापरलं. ते फायली न वाचता डिस्कवरचे चुंबकीय बदलच टिपतं, त्यामुळे फॉरमॅट कुठला हे नंतर शोधता येतं. जुन्या डिस्कचं एखादं वाचन शेवटचंही ठरू शकतं, म्हणून पहिल्याच वेळी सगळं टिपणारी पद्धत बरी. प्रत्येक नकलेचा एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडी ठसा) काढून यादीत ठेवला, म्हणजे पुढे फाइल बदलली का हे कळतं. पीसी/एटीची हार्ड डिस्क एमएफएम जातीची होती. आजचे यूएसबी अडॅप्टर तिला चालत नाहीत. तिच्यासाठी वेगळा रीडर बोर्ड असलेला माणूस शोधावा लागला, आणि त्याला वेळ मिळेपर्यंत थांबावं लागलं.

नकला झाल्यावर काकू, दादा आणि परदेशातून व्हिडिओवर काकांची मुलगी, ताई, असे तिघे बसले. पत्रं आणि हिशेब घरी ठेवायचे, प्रोग्राम द्यायचे, हे पटकन ठरलं. कंपनीच्या फ्लॉपींबद्दल आम्ही कंपनीलाच लिहिलं. काकांनी नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क त्यांचा असेलच असं नव्हतं. महिनाभराने उत्तर आलं की त्या नष्ट कराव्यात. कात्रीने कापून टाकल्या आणि तसं लिहून कळवलं. मनाला लागलं, पण ते आमचं नव्हतं.

तीच गोष्ट टर्मिनलची. त्याच्या मागे एका शिक्षणसंस्थेची मालमत्ता क्रमांकाची पट्टी होती. काकूंना आठवत होतं की "कोणीतरी दिलं होतं, टाकूनच देणार होते." तोंडी आठवणीवर संग्रहालय वस्तू घेत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेतच आहे की मालकी निर्विवाद असल्याशिवाय वस्तू स्वीकारू नये. संस्थेकडे अर्ज केला, सोबत फोटो आणि पट्टीवरचा क्रमांक. एका विभागाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने जुनी नोंदवही काढायला सांगितलं. जवळजवळ दोन महिन्यांनी ते टर्मिनल हिशेबातून काढल्याचं पत्र मिळालं. असं काही आढळलं तर पहिल्याच आठवड्यात अर्ज करा, कारण बाकीची कामं चालू असताना हे वाट बघणं मागे चालू राहतं.

मे महिन्यात संग्रहालयांना लिहायला सुरुवात केली. न विचारता कोणालाही काही पाठवू नये. दारात सोडलेल्या खोक्यांमुळे त्यांच्यावर अशा वस्तूंची जबाबदारी पडते, ज्यांची मालकीही त्यांची नसते. आधी प्रत्येकाचं संग्रहधोरण वाचलं. कोणाला एका देशात बनलेली यंत्रं हवी असतात, कोणाला शाळेत वापरलेली, कोणाला फक्त एका काळातली. पत्र एका पानाचं, सोबत यादी आणि थोडे फोटो.

बहुतेक ठिकाणांहून नकार आले, आणि ते सौजन्याने आले. काकूंना पहिला नकार फार लागला. "त्यांनी आयुष्यभर जपलं, आणि यांना नको?" असं त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. कमोडोर ६४ जगात एक कोटीहून जास्त विकले गेले, स्पेक्ट्रम पन्नास लाखांच्या वर. ज्या संग्रहालयात ते आधीच चार-पाच आहेत, त्याला सहावा ठेवायला जागा, तापमान सांभाळणारी खोली आणि माणूस लागतो. नकार वस्तूला असतो, जपणाऱ्याला नसतो.

एका संग्रहालयाकडून मात्र उत्तराऐवजी प्रश्न आले. मॅकिंटॉशबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. फळीवरचा तो हाताने जोडलेला कॉम्प्युटर कोणत्या वर्षी केला, कशासाठी, सर्किटचे आराखडे आहेत का, वह्या पूर्ण आहेत का, बोर्डवरच्या ईप्रॉम या चिपमधला प्रोग्राम कोणी वाचून ठेवला आहे का, असं त्यांनी विचारलं. मी यादीतला शेवटचा रकाना उघडला आणि तो बहुतांशी रिकामा होता. जून महिना तो भरण्यात गेला. काकूंना बाजूला बसवून, फोटो दाखवत, फोनवर आवाज रेकॉर्ड करत गेले. कुठला बोर्ड कुठल्या वर्षी झाला हे त्यांना मुलांच्या शाळेच्या इयत्तेवरून आठवत होतं. काकांचे जुने सहकारी शोधले. त्यांच्यापैकी एकाने सांगितलं की त्या यंत्रावर त्यांनी मिळून एका मापनयंत्राचे आकडे नोंदवले होते, आणि वहीतल्या त्या आकड्यांच्या पानांचा अर्थ तेव्हा उलगडला. ज्याने वापरलं त्याची हकीकत सोबत नसेल, तर जुना कॉम्प्युटर म्हणजे त्या मॉडेलचा आणखी एक नग, एवढंच राहतं. हकीकत सांगणारी माणसं यंत्रांपेक्षा आधी जातात, म्हणून रकाना आजच भरायला घ्या. तुम्ही स्वतः संग्रह करत असाल तर वस्तू घरी आणल्याच्या दिवशीच.

ईप्रॉमबद्दल एक गोष्ट. या चिपवर काचेची छोटी खिडकी असते आणि अतिनील प्रकाशाने आतलं पुसलं जातं, म्हणून खिडकीवर स्टिकर असतं. सफाईच्या नादात ते काढू नये. काकांच्या दोन चिप्सवरची स्टिकरं सुकून पडली होती. आधी खिडक्या झाकल्या, मग प्रोग्रामर नावाच्या उपकरणावर चिप्स वाचून घेतल्या. दोन्हींतला मजकूर शाबूत होता.

मॅन्युअल स्कॅन करण्याआधी तेच मॅन्युअल इंटरनेट अर्काइव्ह किंवा बिटसेव्हर्स या संकेतस्थळांवर आहे का ते पाहिलं. बरीचशी होती, त्यामुळे श्रम वाचले आणि काकांच्या हस्ताक्षरातल्या वह्यांना वेळ देता आला.

संग्रहालयाची निवड समिती तीन महिन्यांतून एकदा बसत असे. जुलैची बैठक आमच्या कागदांआधीच होऊन गेली, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबणं आलं. या काळात देणगीपत्राचा मसुदा वाचायला मागून घेतला, आणि हे मी प्रत्येकाला करायला सांगेन. त्यात साधारण असं असतं : देणारा कायदेशीर मालक आहे, दान बिनशर्त आहे, वस्तू प्रदर्शनात मांडलीच जाईल अशी हमी नाही, आणि पुढे संग्रहातून काढण्याचा अधिकार संग्रहालयाला आहे. वस्तूची किंमत ते ठरवून देत नाहीत. करासाठी हवी असेल तर स्वतंत्र जाणकाराकडे जावं लागतं. लेखनाच्या हक्काचं कलम वेगळं असतं. वही दिली म्हणून वहीतल्या मजकुराचा हक्क आपोआप जात नाही. आमच्याकडे तो तिघा वारसांचा होता. त्यांनी तो स्वतःकडे ठेवून अभ्यास आणि प्रदर्शनासाठी वापरायची परवानगी दिली.

"संग्रहातून काढण्याचा अधिकार" या ओळीवर दादा अडला. त्याची शंका अनाठायी नव्हती. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी सिअ‍ॅटलमध्ये उभं केलेलं लिव्हिंग कॉम्प्युटर्स हे संग्रहालय २०१२ मध्ये लोकांसाठी उघडलं. जुनी यंत्रं तिथे चालत्या अवस्थेत हाताळता येत. २०१८ मध्ये अ‍ॅलन वारले, २०२० मध्ये साथीच्या काळात संग्रहालय बंद झालं, आणि २०२४ मध्ये ते पुन्हा उघडणार नाही, वस्तूंचा लिलाव होईल असं जाहीर झालं. म्हणून आम्ही थेट विचारलं : संस्था बंद पडली तर वस्तू कुठे जातील, काढायची वेळ आली तर कुटुंबाला कळवाल का? लेखी उत्तर आलं की आधी दुसऱ्या सार्वजनिक संग्रहालयाला विचारलं जातं, आणि कुटुंबाला कळवण्याचा प्रयत्न केला जाईल. सक्तीची अट घालता आली नाही. उसनं देण्याचाही पर्याय होता, पण मग दर काही वर्षांनी करार, विमा आणि पुढच्या पिढीवर परत आणण्याचं ओझं. विचार करून तिघांनी दानच पक्कं केलं.

उरलेल्या यंत्रांसाठी जागा शोधत होतोच. विकावं का, हा प्रश्न घरात दबक्या आवाजात होता. मी तो उघड विचारला, कारण वस्तूची किंमत माहीत असणं हा कुटुंबाचा हक्क आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात एका बाईने नवऱ्याच्या मागे राहिलेली खोकी पुनर्चक्रण केंद्रात सोडली. काही आठवड्यांनी त्यांत अ‍ॅपल-१ सापडला आणि तो दोन लाख डॉलरना विकला गेला. अर्धी रक्कम द्यायला केंद्राचे लोक त्या बाईला शोधत राहिले. आमच्याकडे तसं काही नव्हतं, पण एसई/३० ला हौशी लोकांत बरी मागणी आहे. काकूंनी ते विकलं आणि त्या पैशांत पॅकिंग व वाहतुकीचा बराचसा भाग निघाला. खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त गेला तो जड मॉनिटर नेण्यात आणि विम्यात. त्याखालोखाल चांगली खोकी आणि सामान. फ्लॉपीच्या नकलांचं उपकरण त्यामानाने किरकोळ.

दोन्ही कमोडोर, स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रो एका हौशी मंडळाकडे गेले. तिथे मुलांना जुन्या यंत्रांवर बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतात. पॉवर सप्लायबद्दलचा इशारा मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक यंत्राला बांधला. अमिगा दुरुस्ती करणाऱ्याकडे गेली. टर्मिनल त्या पत्रासह संग्रहालयाने घेतलं. पीसी/एटीसाठी बाहेरच्या देशातून एक विचारणा आली होती, पण घातक कचऱ्याच्या देशाबाहेरच्या वाहतुकीबद्दलच्या बासेल करारात २०२५ च्या १ जानेवारीपासून झालेल्या बदलांनुसार देशाबाहेर जाणाऱ्या सगळ्याच ई-कचऱ्याला आधी संमती लागते, आणि बंद पडलेलं यंत्र कचऱ्यात गणलं जाण्याची शक्यता असते. ते देशातच एका संग्राहकाला दिलं. फुटका मॉनिटर आणि जळके बोर्ड परवानाधारक ई-कचरा केंद्रात दिले आणि पावती घेतली. मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. ती काच भंगारात फोडली गेली, की ज्याच्या हातून फुटते त्याच्या श्वासात ते जातं. म्हणून थोडा जास्त त्रास पडला तरी हेच करावं.

ऑक्टोबरच्या शेवटी समितीचा होकार आला. पॅकिंगला दोन दिवस लागले. बबल रॅप किंवा फोम जुन्या प्लास्टिकला थेट लावला तर त्याचे ठसे उमटतात, म्हणून आधी साधी प्लास्टिक पिशवी, मग फोम, मग खोक्यात खोकं. बोर्डांना अँटिस्टॅटिक पिशव्या. पिक्चर ट्यूब असलेली वस्तू काचेकडची जड बाजू खाली येईल अशी ठेवायची, कारण मागची मान नाजूक असते. पीसी/एटीच्या हार्ड डिस्कचं हेड, डिस्क वाचून झाली त्याच वेळी, पार्क करून (सुरक्षित जागी सरकवून) घेतलं होतं. प्रत्येक खोक्यात त्यातल्या वस्तूंची यादी आणि बाहेर फक्त क्रमांक.

नेताना संग्रहालयाने आधी तात्पुरती पोच दिली. पोच म्हणजे दान नव्हे. देणगीपत्रावर तिघांच्या सह्या झाल्या, ताईची सही टपालाने आली, आणि मग नोंदणी क्रमांकांचं पत्र आलं. फळीवरच्या कॉम्प्युटरच्या नोंदीत निर्माता म्हणून काकांचं नाव आहे. काकूंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "वहीतल्या शेवटच्या पानांवर काय आहे ते त्यांना सांग. ते त्यांना कोणीच सांगितलं नसेल." ती पानं आता मी टंकून घेते आहे. थोडी अक्षरं लागत नाहीत, त्यासाठी पुढच्या आठवड्यात काकांच्या त्या सहकाऱ्यांना परत फोन करायचा आहे.